बड फाउलरचे बिऱ्हाड

माझे जावई बेसबॉलचे भारी शौकीन आहेत. मला मात्र त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते. उभे आयुष्य क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला काढलेला मी माणूस. चेंडूफळीचा दुसरा कुठलाही खेळ मला जरा उसनाच वाटे. २०२३ च्या सप्टेंबरात लेकीकडे अल्बनीला महिनाभर मुक्काम होता. एका शनिवारी रात्री जेवताना जावई म्हणाले, "पप्पा, उद्या तुम्हाला आमच्या खेळाची पंढरी दाखवतो." पंढरी म्हटल्यावर नाही कसे म्हणणार?

दीड तासाच्या वाटेवर कूपर्सटाउन हे गाव लागते. ऑट्सिगो नावाच्या लांबट सरोवराच्या दक्षिण टोकाला वसलेले हे गाव आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढे आहे. मुख्य रस्ता एकच. त्याच्या दुतर्फा दुकाने, आणि दुकानांत चेंडू, फळ्या, टोप्या. ह्याच रस्त्यावर बेसबॉलचे ते सुप्रसिद्ध कीर्तिमंदिर आहे. १९३९ साली ते उघडले. आत एका उंच दालनात भिंतीवर ओळीने ब्राँझचे मुखवटे लावलेले आहेत. खेळातील थोरामोठ्यांचे ते चेहरे. माणसे तेथे हळू आवाजात बोलतात.

हे कीर्तिमंदिर न्यूयॉर्क-शिकागो सोडून ह्या आडगावी का, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. अमेरिकन यादवी युद्धात नाव कमावलेल्या ॲबनर डबलडे ह्या सेनानीने १८३९ साली कूपर्सटाउनमध्ये बेसबॉलचा शोध लावला, असा निष्कर्ष १९०७ साली एका समितीने काढला. आधार काय, तर एका वृद्ध गृहस्थाची आठवण. वस्तुतः १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. आणि १८९३ साली मरेपर्यंत आपण असा काही शोध लावल्याचा दावा त्याने कधीच केला नव्हता. आज कोणीही इतिहासकार ती कथा खरी मानत नाही. पण कथेवर गाव उभे राहिले. सिंगर शिवणयंत्राच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या क्लार्क कुटुंबाने कीर्तिमंदिरासाठी पुढाकार घेतला, गावच्या मैदानाला डबलडेचे नाव मिळाले, आणि पंढरी झाली.

त्या डबलडे मैदानाकडे जाताना एका लहानशा रस्त्यावर 'फाउलर वे' अशी पाटी दिसली. हा फाउलर कोण, म्हणून मी सहज विचारले. जावई म्हणाले, "इथेच लहानाचा मोठा झालेला खेळाडू. सेकंड बेसवर खेळायचा. काळा होता." एवढे बोलून ते गाडी लावायला जागा शोधू लागले. त्या तीन तुटक वाक्यांनी माझा उरलेला महिना खाल्ला. लेकीच्या गावच्या वाचनालयातून मी त्याच्याविषयी मिळेल ते आणून वाचले. आणि वाचता वाचता माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक जुनी चिठ्ठी वर आली. तिच्याविषयी पुढे लिहितो.

त्याचे खरे नाव जॉन डब्ल्यू. जॅक्सन. १६ मार्च १८५८ रोजी फोर्ट प्लेन ह्या गावी त्याचा जन्म झाला. दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा गुलामगिरी चालू होती. न्यूयॉर्क राज्यात ती १८२७ सालीच संपलेली असल्याने हा मुलगा स्वतंत्र जन्मला. वडील न्हावीकाम करीत. मूल लहान असतानाच कुटुंब कूपर्सटाउनला आले, आणि तेथल्या मुलांबरोबर तो चेंडू खेळू लागला. म्हणजे ज्या गावात डबलडेने काही शोधले नाही, त्याच गावात ह्या पोराने खरोखर बेसबॉल आत्मसात केला. वडिलांची कात्री-वस्तराही त्याने हाती घेतली. पुढे आयुष्यभर चेंडूने पोट भरले नाही, की वस्तरा त्याला तारून नेई. जॅक्सनचा फाउलर त्याने का केला, ते कोडेच आहे. 'बड' मात्र, तो भेटेल त्याला 'बड' म्हणजे 'गड्या' अशी हाक मारी म्हणून चिकटले, असे सांगतात.

एप्रिल १८७८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी गावच्या संघातून चेंडू टाकत त्याने बॉस्टनच्या विजेत्या संघाला २-१ असे हरवले. पुढच्याच महिन्यात लिन गावच्या व्यावसायिक संघाने त्याला मैदानात उतरवले. गोऱ्यांच्या व्यावसायिक संघातून खेळलेला, आज ज्ञात असलेला, पहिला कृष्णवर्णीय तो हाच. पुढे चेंडू टाकून टाकून त्याचा हात दुखावला आणि तो सेकंड बेसवर स्थिरावला. स्थिरावला हा शब्द केवळ मैदानातील जागेपुरता. एरवी विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी त्याची गत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सेकंड बेसचे काम थोडे समजावून सांगितले पाहिजे, कारण फाउलरचे सारे दुःख त्या एका जागेत साठलेले आहे. मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फलंदाजाने चेंडू मारला की त्याने क्रमाने एकेका बेसला स्पर्श करीत पुन्हा घरी यायचे. तेव्हा एक धाव होते. दुसऱ्या बेसच्या आसपास उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू झेलायचा आणि धावत येणाऱ्या गड्याला, तो बेसवर पोहोचण्याआधी, चेंडूने शिवायचे. धावणारा गडी तेव्हा जमिनीवर अंग टाकून घसरत येतो. त्याच्या पायांत खिळ्यांचे बूट असतात. क्षेत्ररक्षकाची नजर चेंडूवर, हात वर, आणि पाय उघडे. आपल्या क्रिकेटमधील धावबादच्या वेळी यष्टींशी उभा असलेला गडी डोळ्यांसमोर आणा. आणि समोरून येणारा फलंदाज यष्टींऐवजी त्याच्या नडगीवर नेम धरून येतो आहे, अशी कल्पना करा.

फाउलरच्या बाबतीत ती कल्पना नव्हती. इंटरनॅशनल लीगमधील एका खेळाडूने १८८९ साली एका क्रीडापत्राला सांगितले, की फाउलर गुडघ्याखाली लाकडी पट्ट्या बांधून खेळे. कारण सेकंड बेसकडे येणारा जवळजवळ प्रत्येक गडी त्याला इजा करण्याच्या हेतूनेच येतो, हे त्याला ठाऊक होते. चेंडू टाकणारेही अशा फलंदाजांना मुद्दाम अंगावर मारीत, अशी पुस्ती त्या खेळाडूने जोडली होती. मला त्या लाकडी पट्ट्या राहून राहून डोळ्यांपुढे येतात. सकाळी न्हाव्याच्या दुकानात काम करणारा माणूस दुपारी नडगीला फळ्या बांधतो आणि खेळायला जातो. त्याबद्दल त्याने कुठे आरडाओरडा केल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

त्याच्या गावांची यादी वाचताना आगगाडीचे वेळापत्रक वाचल्यासारखे वाटते. १८८१ साली कॅनडातील ग्वेल्फ. तेथे सहकाऱ्यांनीच त्याच्याबरोबर खेळण्यास नकार दिला. १८८४ साली मिनेसोटातील स्टिलवॉटर. हा संघ हंगामाच्या आरंभी सामन्यांमागून सामने हरत सुटला होता. फाउलरने चेंडू टाकून पहिला विजय मिळवून दिला, तेव्हा खूश झालेल्या गावकऱ्यांनी त्याला दहा डॉलर आणि कपड्यांचा एक नवा जोड दिला. त्याच उन्हाळ्यात तो संघ मोडला. १८८५ साली आयोवातील किओकक. तेथे तर लीगच मोडली. १८८६ साली कॅन्ससमधील टोपीका, जेथे एका फटक्यात तीन बेस गाठण्यात तो साऱ्या लीगमध्ये पहिला आला. तो वाईट खेळला म्हणून त्याला काढले, असे क्वचितच आढळते. 'स्पोर्टिंग लाइफ' ह्या नामांकित क्रीडापत्राने १८८५ सालीच लिहिले होते, की देशातील उत्तम अष्टपैलू खेळाडूंपैकी हा एक आहे आणि त्याचा चेहरा गोरा असता तर तो सर्वश्रेष्ठांबरोबर खेळत असता. ज्यांना हे दिसत होते त्यांनी ते छापले, आणि पुढच्या आठवड्याचा अंक काढला.

१८८७ साली तो न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टनच्या संघात आला. इंटरनॅशनल लीग ही तेव्हा सर्वोच्च दर्जाच्या लीगच्या एकच पायरी खाली होती. तिच्यात त्या वर्षी आणखीही काही कृष्णवर्णीय खेळत होते. बफेलोत फ्रँक ग्रँट, न्यूअर्कमध्ये जॉर्ज स्टोव्ही आणि फ्लीट वॉकर. फाउलरची फलंदाजी तेव्हा ऐन भरात होती. जूनच्या अखेरीस बिंगहॅम्टनच्या खेळाडूंनी चालकांना कळवले, की आमचा हा काळा सेकंड बेसमन काढल्याशिवाय आम्ही मैदानात पाऊल ठेवणार नाही. चालकांनी फाउलरला मोकळे केले. अट अशी घातली, की त्याने ह्या लीगमधील दुसऱ्या कोणत्याही संघात जाऊ नये. म्हणजे आपल्या संघात नको, पण प्रतिस्पर्ध्याच्या संघातही तो असता कामा नये! १४ जुलै रोजी लीगच्या चालकांनी ठरवले, की ह्यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. ऑगस्टमध्ये बिंगहॅम्टनच्या चालकांनी, मैदानात उतरण्यास नकार दिल्याबद्दल, त्या नऊ खेळाडूंना प्रत्येकी ५० डॉलर दंड केला. दंड केला, पण फाउलरला परत बोलावले नाही.

आता त्या चिठ्ठीविषयी. वाचकहो, ही गोष्ट मी आजवर कुणापाशी उच्चारलेली नाही.

१९७४ च्या सुमारास आमच्या गावच्या क्रिकेट संघात मी खेळत असे. बरा नव्हतो, पण मंडळाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्याने अकरांत नाव लागे. त्या वर्षी आमच्या कप्तानाने पाड्यावरच्या एका मुलाला संघात घेतले. हा मुलगा आमच्याच वाड्यांतून केळींना पाणी द्यायला येई. त्याच्यासारखे क्षेत्ररक्षण मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही फारसे पाहिले नाही. पायांत काही नसे. चेंडू कुठे जाणार हे त्याला फलंदाजाच्या आधी कळे. त्याच्यामुळे आम्ही दोन सामने जिंकलो. तिसरा, अंतिम सामना शेजारच्या गावी होता, आणि सामन्यानंतर एका मोठ्या घराच्या ओट्यावर दोन्ही संघांची पंगत बसायची होती. त्या पंगतीवरून कुजबुज सुरू झाली. कोणी सरळ काही बोलले नाही. मग पाच-सहा जणांनी ठरवले, की मंडळाच्या कार्यवाहांना चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी लिहायला माझ्याकडे आले, कारण माझे मराठी चांगले.

मी ती लिहिली. 'गावातील होतकरू मुलांना संधी मिळावी', असे मी लिहिले. पंगतीचा शब्द तिच्यात नव्हता, पाड्याचा नव्हता, त्या मुलाचे नावही नव्हते. वाचणाऱ्याला कुठे बोट ठेवता येणार नाही अशी ती भाषा होती, आणि ती जमल्याचा मला त्या संध्याकाळी चक्क अभिमान वाटला. चौथी सही माझी. कप्तान एकटा पडला. रविवारी मिस्सानंतर आम्ही निघालो तेव्हा तो मुलगा ठरल्याप्रमाणे नाक्यावर येऊन उभा होता. त्याला कोणी काय सांगितले ते मी ऐकले नाही. ऐकू येऊ नये एवढ्या अंतरावर मी मुद्दाम थांबलो होतो. तो आमच्यामागून सामना पाहायला आला. दिवसभर सीमारेषेबाहेर बसला, आणि चौकार गेला की उठून चेंडू परत फेकू लागला. प्रत्येक वेळी तो यष्टिरक्षकाच्या हातात अलगद पडे. जेवणाच्या वेळी तो तेथे नव्हता.

बिंगहॅम्टनच्या नऊ जणांविषयी वाचताना मी फाउलरच्या बाजूने वाचू शकलो नाही. माझी जागा कुठे आहे ते मला ठाऊक होते. त्यांना निदान ५० डॉलर पडले.

फाउलरचे पुढचे जिणे मात्र हार खाल्लेल्या माणसाचे नाही. उलट तेव्हापासून तो अधिकच फिरला. १८८८ साली तो दूर न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे खेळत होता, १८८९ साली मिशिगनमधील ग्रीनव्हिल येथे, १८९२ साली नेब्रास्कात. मोठ्या लीगची दारे बंद होत गेली तसा तो लहान लीगकडे वळला. त्यांनाही गरज असेल तोवर तो हवा असे. ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. त्याला नकोसा म्हणून घालवणारी गावे आणि मोठ्या उत्सुकतेने बोलावणारी गावे अशी दोन प्रकारची गावे नव्हती. तीच गावे दोन्ही करीत.

१८९५ साली त्याने एका वार्ताहराला सांगितले, की माझी कातडीच माझ्या विरुद्ध आहे. मी इतका काळा नसतो तर स्पॅनिश वगैरे म्हणून खपून गेलो असतो. हे बोलताना तो हसला असावा, असे मला वाटते. खेळापायी तो कोणताही वेष घ्यायला तयार होता, फक्त कातडी उतरवता येत नव्हती.

त्याच वर्षी त्याने एक नवी वाट काढली. दुसऱ्याच्या संघात जागा मिळत नसेल तर आपलाच संघ काढावा. ग्रँट जॉन्सन ह्या तरुण खेळाडूला बरोबर घेऊन त्याने मिशिगनमधील एड्रियन गावी 'पेज फेन्स जायंट्स' हा कृष्णवर्णीयांचा संघ उभा केला. पैसा दिला तारेची कुंपणे बनवणाऱ्या पेज कंपनीने. संघाचा स्वतंत्र रेल्वे डबा होता. त्यातच झोपायचे आणि त्यातच जेवायचे. ह्या थाटाचे कौतुक होते खरे, पण त्यामागचे कारणही होते: अनेक गावांत त्यांना खाणावळीत जेवू देत नसत. गावात पोहोचले की खेळाडू सायकलींवर बसून रस्त्यांतून मिरवत जात आणि लोकांना मैदानाकडे ओढून नेत. फाउलर त्या संघातही हंगामाच्या मध्यापर्यंतच राहिला. मिशिगनच्या लीगमधील एका संघाने बोलावले, आणि स्वतः उभारलेला संघ टाकून तो गेला. सदतीस वर्षांचा झाला होता. लीगमधील त्याचा हा शेवटचा हंगाम ठरला. असे सुमारे दहा हंगाम तो गोऱ्यांच्या लीगमधून खेळला. जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीयाच्या वाट्याला एवढे हंगाम आले नाहीत.

रॉबिन्सन १९४६ साली माँट्रियलकडून खेळला आणि १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनकडून सर्वोच्च लीगमध्ये उतरला. फाउलरला त्याचा अग्रदूत म्हणण्याची आता रीत पडली आहे. मला तो शब्द खटकतो. अग्रदूताच्या मागून कोणी यावे लागते. फाउलरच्या मागे दार लागले ते जवळजवळ साठ वर्षे. आणि त्याला कोणाचा दूत व्हायचे होते? त्याला सेकंड बेसवर खेळायचे होते, आणि शनिवारी हातात पगार हवा होता.

नंतरच्या वर्षांत त्याने आणखी फिरते संघ काढले, मोडले. मग आजारपण आले. त्याच्या मदतीसाठी एक सामना भरवण्याचे १९०९ साली घाटत होते. तो काही झाला नाही. अखेर फ्रँकफर्ट ह्या गावी बहिणीच्या घरी २६ फेब्रुवारी १९१३ रोजी, चोपन्नाव्या वर्षी, रक्तक्षयाने तो वारला. पुरलेल्या जागी दगडही नव्हता. तो १९८७ साली बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या संस्थेने बसवला. कूपर्सटाउनने रस्त्याला नाव दिले ते २०१३ साली. आणि जुलै २०२२ मध्ये कीर्तिमंदिराच्या भिंतीवर त्याचा मुखवटा लागला. त्याच्या वतीने भाषण करायला डेव्ह विनफील्ड हा थोर खेळाडू उभा राहिला. विनफील्ड हा मिनेसोटातील सेंट पॉलचा. दहा डॉलर आणि कपड्यांचा जोड जिथे मिळाला ते स्टिलवॉटर त्याच्या गावाच्या अगदी जवळ.

परतीच्या आधीच्या आठवड्यात मी जावयांना म्हटले, "फ्रँकफर्टला नेता का?" त्यांनी नवलाने माझ्याकडे पाहिले, पण नेले. दफनभूमी शांत होती. गवत नुकतेच कापलेले. दगड साधा आहे, शोधायला थोडा वेळ लागला. तेथे काय बोलायचे असते ते मला सुचले नाही. जावईही गप्प होते. मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक नवा चेंडू काढून दगडापाशी ठेवला. जमिनीला किंचित उतार होता, तो घरंगळू लागला. मी वाकून उचलला, पुन्हा जागेवर ठेवला, आणि ह्या वेळी त्याच्याखाली एक बारीक खडा लावला.